गळ्याशी आलेली थंडी

वाचकाचे पत्र, थोडक्यात : नाशिकरोड भागात राहणाऱ्या 41 वर्षांच्या एक वाचक भगिनी सिन्नरजवळच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीत पॅकिंग विभागात काम करतात. पहिली पाळी सातची असल्याने त्या सहाच्या सुमारास स्कूटरवरून निघतात. थंडीच्या दिवसांत मोहदरी घाट येईपर्यंत मान आखडते, ठसका लागतो आणि दर हिवाळ्यात एकदा तरी घसा बसतोच, असे त्या लिहितात. भावाने त्यांना नेक गेटर, म्हणजे डोक्यातून घालायची, दोन्ही बाजूंनी उघडी कापडी नळी आणून दिली आणि तिने त्यांना बराच आराम पडला. मात्र सासूबाई एकदा म्हणाल्या, “इतकं गुंडाळून घेतलं की अंग नाजूक होतं. आम्ही कार्तिकात पहाटे रामकुंडावर डुबकी मारायचो.” कारखान्यातल्या मैत्रिणी “दरोडा टाकायला निघालात का?” म्हणून चिडवतात. त्यामुळे आता त्या गेटर स्कूटरच्या डिकीत ठेवतात, कोपऱ्यावर गेल्यावर घालतात आणि परतताना तिथेच काढतात. गळा झाकायची सवय लागली तर थंडी सोसण्याची ताकद खरोखर कमी होते का, घशाचे दुखणे याने थांबेल का आणि नऊ वर्षांच्या मुलाला व सत्तरीच्या सासूबाईंनाही तो घालायला लावावा का, असे त्यांचे प्रश्न आहेत. जाता जाता त्यांनी असेही लिहिले आहे की, पाच वाजता उठून सासूबाईच त्यांना चहा करून देतात आणि दुपारी ऊन असतानाही त्यांचे स्वतःचे हातपाय गारच असतात.

ताई, तुमच्या पत्रात सासूबाईंचे एकच वाक्य आहे आणि त्या एका वाक्यावर तुम्ही सबंध हिवाळ्याची लपवाछपवी उभी केली आहे. त्यांनी गेटर घालू नकोस असे म्हटल्याचे पत्रात कुठेही नाही. ते तुम्ही त्यांच्या वाक्यातून काढलेले अनुमान आहे. त्या अनुमानाकडे मी नंतर वळते. आधी त्यांच्या म्हणण्यात तथ्य किती, ते पाहू, कारण ते म्हणणे झटकून टाकण्यासारखे मुळीच नाही.

थंडीची सवय ही खरी गोष्ट आहे. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर समुद्रात बुडी मारून शिंपले आणि समुद्री शेवाळ गोळा करणाऱ्या स्त्रिया आहेत, त्यांना तिकडे हेन्यो म्हणतात. 1970च्या दशकापर्यंत या स्त्रिया साध्या सुती पोशाखात हिवाळ्यातल्या दहा अंशांच्या आसपासच्या पाण्यातही उतरत असत आणि संशोधकांनी मोजमाप केले तेव्हा थंडी सोसण्याची त्यांची क्षमता बुडी न मारणाऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळली. 1977च्या सुमारास त्या रबरी पोशाख वापरू लागल्या आणि पुढच्या काही वर्षांत ही क्षमता मावळत गेली. म्हणजे सासूबाई जे सांगतात, ते शास्त्रज्ञांनीही नोंदवून ठेवलेले आहे. फरक आहे तो प्रमाणाचा. त्या स्त्रियांचे संपूर्ण शरीर वर्षानुवर्षे इतक्या थंड पाण्यात राहत असे की शरीराच्या आतले तापमानही खाली जाई. अशी कमाई तुमच्या-माझ्या गाठीशी मुळातच नाही. वीतभर गळा सकाळी पाऊण तास झाकला म्हणून गमावण्यासारखे काही जात नाही, कारण तुमचे बाकीचे अंग घरात, अंगणात आणि कारखान्याच्या आवारात नाशिकची थंडी सोसतच असते.

शिवाय रामकुंडावरची डुबकी आणि घाटातली स्कूटर यांची तुलनाच नीट बसत नाही. डुबकी क्षणा-दोन क्षणांची असते. बाहेर आले की अंग खसखसून पुसायचे, कोरडे लुगडे नेसायचे आणि चालत घरी येऊन चुलीपुढे बसायचे, अशी ती सारी हालचाल असे आणि हालचालीने शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करते. तुम्ही मात्र हँडलवर हात धरून जवळजवळ पुतळ्यासारख्या बसलेल्या असता, स्नायू काम करत नाहीत आणि समोरून वारा सतत येत राहतो. सासूबाईंनी तरुणपणी जे केले, ते त्यांच्या दिनक्रमात योग्यच होते. पंचवीस-तीस किलोमीटर स्कूटर चालवून कामाला जाण्याची वेळ त्यांच्यावर आलेली नव्हती, एवढेच.

आता वाऱ्याविषयी. नाशिकची थंडी म्हटली की वर्तमानपत्रे निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला आकडा छापतात, सोबत द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचे छायाचित्र असते आणि आपण घरात बसून “बाप रे” म्हणतो. तो आकडा स्थिर हवेचा असतो. दुचाकीवर बसलेला माणूस मात्र स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. उघड्या त्वचेला वाऱ्यामुळे किती जास्त गार वाटते, हे काढण्याचे एक सूत्र 2001 पासून कॅनडा आणि अमेरिकेतील हवामान विभाग वापरतात. त्याने हिशेब केला तर दहा अंश तापमानात ताशी 50 किलोमीटर वेगाने जाताना चेहऱ्याला आणि गळ्याला साधारण साडेपाच अंशांची थंडी जाणवते आणि आठ अंशांत ती तीन अंशांच्या आसपास उतरते. त्यात जानेवारीत नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि दिवसातले सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आगेमागेच असते, म्हणजे तुमचा प्रवास नेमका सर्वांत थंड पाऊण तासात होतो. तुम्ही नाजूक आहात म्हणून तुम्हाला गार वाटते, हे गृहीतक सोडून द्या. तुमच्या जागी आखाड्यातला पैलवान असता तरी त्याने मान खांद्यांत ओढून घेतली असती.

आणि मान आखडते ती त्यानेच. उघड्या गळ्यावर वारा लागला की आपण नकळत खांदे कानांकडे उचलतो, हनुवटी छातीशी नेतो आणि त्याच अवस्थेत घाट चढतो. मुक्कामाला पोहोचेपर्यंत मानेचे आणि खांद्यांचे स्नायू ताठ झालेले असतात. गेटर घातल्यावर तुम्हाला जो आराम पडला, त्यातला मोठा वाटा खांदे खाली आल्याचा असावा, असा माझा अंदाज आहे. उद्या निघाल्यावर पळसे गाव येईल तेव्हा खांद्यांकडे मुद्दाम लक्ष देऊन पाहा.

मात्र गेटरविषयीच्या अपेक्षाही मापात ठेवायला हव्यात. डोक्यातून आणि मानेतून शरीराची निम्मी उष्णता निघून जाते, असे तुम्ही कुठेतरी ऐकले असेल. ते खरे नाही. प्रौढ माणसाच्या शरीराच्या एकूण पृष्ठभागापैकी डोके आणि मान मिळून जेमतेम नऊ-दहा टक्के भरतात आणि उष्णताही साधारण त्याच बेताने जाते. गळा झाकल्याचे समाधान मोठे वाटते, कारण तिथली त्वचा थंडीला फार संवेदनशील असते. दुसरे कारण कपड्यांचे आहे. कपडा ऊब देत नाही, तो अंगाभोवतीची तापलेली हवा धरून ठेवतो. सनकोटाची किंवा स्वेटरची गळपट्टी उघडी राहिली की कोटाचे धुराडे होते, आतली ऊब वरून निघून जाते आणि खालून-पुढून गार हवा शिरते. गेटर ही फट बुजवतो. म्हणून त्याची खालची कड कोटाच्या आत खोचून वरून चेन लावणे महत्त्वाचे आहे. कोटावर मिरवण्यासारखा घातलेला गेटर निम्मेही काम करत नाही. आतमध्ये पुरेसा स्वेटर नसेल, तर नुसत्या गेटरने भागणार नाही, हेही ओघाने आलेच.

तुमच्या घशाच्या दुखण्याबाबत मला तुमची थोडी निराशा करावी लागणार आहे. घसा बसणे, दुखणे, सर्दी होणे हे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि विषाणू येतात ते माणसांकडून, वाऱ्याकडून नव्हे. हिवाळ्यात आपण दारे-खिडक्या लावून दाटीने बसतो, हवा कोरडी असते, नाकातला ओलावा कमी होतो आणि संसर्गाला वाट मिळते. पॅकिंगच्या बंद हॉलमध्ये शेजारची मैत्रीण शिंकत असेल, तर घाटात घातलेला गेटर तिथे काय करणार? तो मास्क नाही आणि धुरापासून किंवा बारीक धुळीपासूनही तो भरवशाचे संरक्षण देत नाही. तेव्हा जेवणापूर्वी साबणाने हात धुणे, हॉलची एखादी खिडकी उघडी ठेवायला लावणे, पाण्याची बाटली स्वतःची वेगळी ठेवणे या गोष्टींकडे जास्त लक्ष द्या. सकाळी उठल्याउठल्याच घसा कोरडा आणि खवखवणारा असेल, तर रात्री तोंडाने श्वास घेणे किंवा आम्लपित्त हीसुद्धा कारणे असू शकतात आणि त्यांचा स्कूटरशी संबंध नसतो.

ठसक्याची गोष्ट वेगळी. गार आणि कोरडी हवा काही जणांच्या श्वासनलिका आकसवते, तेव्हा खोकल्याची उबळ येते, छाती घट्ट झाल्यासारखी वाटते. अशा वेळी नाक-तोंडावर कापड असले तर बाहेर सोडलेल्या श्वासातली ऊब आणि ओलावा कापडात राहतो आणि पुढचा श्वास थोडा कोमट होऊन आत जातो. गेटर नाकावर ओढून घेतल्यावर ठसका खरोखरच थांबत असेल, तर ती चांगली गोष्ट आहे, पण ती एक सूचनाही आहे. जिना चढताना धाप, रात्री किंवा पहाटे खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज यांपैकी काही असेल, तर दम्याची शक्यता तपासून घ्यावी लागते. त्यासाठी नळीत फुंकर मारून करायची श्वासाची साधी चाचणी असते. ज्यांना दम्याचे निदान झालेले आहे आणि जे पंप वापरतात, अशा वाचकांनी गेटर मिळाला म्हणून पंप बंद करू नये. आणि कोणाचाही खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्यावी.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत काळजीचे वाटलेले वाक्य तुम्ही शेवटी, ओघात लिहिले आहे. दुपारी ऊन असताना, शेजारच्या बायकांनी स्वेटर काढून ठेवलेले असताना, तुमचे हातपाय गार असतात. हा घाटातल्या वाऱ्याचा परिणाम नव्हे. चाळिशीच्या आसपासच्या स्त्रीला सतत थंडी वाजत असेल, तर रक्तातले हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच ही तपासणी आधी करावी. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. थकवा, केस गळणे, वजन वाढणे, पाळीच्या वेळी जास्त रक्तस्राव अशी लक्षणे सोबत असतील, तर अजिबात टाळाटाळ नको. अंग नाजूक झाले आहे की काय, या शंकेचे उत्तर गेटर डिकीत लपवून मिळणार नाही. ते मिळालेच, तर या दोन तपासण्यांतून मिळेल.

कापडाच्या निवडीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण या ऋतूत शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये किंवा मेनरोडवर हा नग घ्यायला जाणारे वाचक पुष्कळ असतील. बिनशिवणीची, पातळ, चमकदार मायक्रोफायबरची नळी उन्हापासून आणि धुळीपासून बचावासाठी चांगली असते, पण एकेरी घातली तर डिसेंबरातला वारा तिच्यातून आरपार जातो. तीच दुहेरी दुमडून घातली तर बरीच काम देते. आतून मऊ लव असलेल्या फ्लीसचा गेटर दुचाकीसाठी सर्वांत सोयीचा, कारण तो उबदार आणि हलका असतो आणि रात्री धुतला तर सकाळपर्यंत वाळतो. सुती मात्र टाळावा. श्वासाचा ओलावा तो शोषून घेतो, ओलाच राहतो आणि अर्ध्या वाटेत हनुवटीला गार पोटीस बांधल्यासारखे वाटू लागते. लोकर ओलाव्याच्या बाबतीत सर्वांत गुणी आहे. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही ती हाताला ओली लागत नाही. अडचण टोचण्याची आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राकट असते, घोंगडीला ती शोभते, गळ्याला सोसत नाही. मेरिनो मेंढीचा धागा बारीक असल्याने टोचत नाही, मात्र त्याची किंमत ऐकून आपण पुन्हा फ्लीसकडे वळतो. द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवणाऱ्यांनी आणि वेल्डिंगच्या कामावरच्या मंडळींनी फ्लीस किंवा मायक्रोफायबर गळ्यात घालून विस्तवाजवळ जाऊ नये. हे पॉलिस्टर असते, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटते. त्यांना लोकरीचा मफलर, टोके आत खोचून, हाच बरा.

टोकांवरून आठवले. मफलर, स्टोल आणि ओढणी यांच्यापेक्षा गेटरचा खरा मोठेपणा मला उबेपेक्षा याच बाबतीत वाटतो की, त्याला लोंबणारे टोकच नसते. ओढणीचे टोक मागच्या चाकात गुंतून गळ्याला फास बसल्याचे अपघात आपण दरवर्षी वाचतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जाळी किंवा तत्सम आवरण असावे, असा नियमच केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, आणि तो अशाच अपघातांसाठी आहे. तुम्ही स्कूटर चालवता म्हणून धोका थोडा कमी असेल, पण पदर किंवा ओढणी कोटाच्या आतच हवी. हाच मुद्दा कारखान्यातही लागू होतो. लेथ, ड्रिलिंग मशीन, कन्व्हेयर, शेतात कडबाकुट्टी किंवा ट्रॅक्टरचा फिरता दांडा यांच्याजवळ गळ्यात मफलर नको. गेटरसुद्धा फाटकातून आत गेल्यावर उतरवून ठेवावा, कारण तो सहजी तुटत नाही आणि गुंतला तर सोडवायला वेळ मिळत नाही.

हेल्मेट आणि गेटर एकत्र वापरताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी गेटर घालून तो मानेवर सपाट पसरवावा, मग हेल्मेट, आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली गेटरच्या चुण्यांवर न बसता नीट टेकतो आहे ना, हे बोटांनी चाचपावे. कापडाचा बोळा पट्ट्याखाली दबला तर पट्टा घट्ट वाटतो. पण अपघातात तोच बोळा सरकतो आणि हेल्मेट सैल होऊन निघून जाते. 2021च्या ऑगस्टमध्ये शहर पोलिसांनी ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’ ही मोहीम काढली, तेव्हा नाशिककरांनी हेल्मेटे घेतली खरी, पण पट्टा न लावता ती नुसती डोक्यावर ठेवणारे आजही प्रत्येक सिग्नलला दिसतात. चष्मा असेल तर गेटर नाकावर घेताच काचांवर वाफ धरते, मग काळोखात समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे पसरट दिसू लागतात आणि ते थंडीपेक्षा कितीतरी घातक आहे. अशा वेळी गेटर नाकाच्या खाली, फक्त तोंडावर ठेवावा आणि हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवावी. श्वासाने पुढचा भाग ओला झाला, तर घाटाच्या पायथ्याशी गाडी बाजूला घेऊन नळी गोल फिरवून घ्या आणि कोरडी बाजू पुढे आणा, ही या वस्तूतली एक छान सोय आहे.

मंगळसूत्राचे तुम्ही लिहिलेले नाही, पण ते तुमच्या रोजच्या अनुभवाचे असेल. वाट्यांच्या कड्या आणि कानातल्यांचे आकडे विणीत हमखास अडकतात आणि घाईत ओढले तर एक तर धागा निघतो किंवा मणी ओघळतात. मंगळसूत्र आधी कुडत्याच्या आत सोडावे, लोंबती कानातली पर्समध्ये ठेवून साधे टॉप्स घालावेत आणि गेटर काढताना दोन्ही हातांनी पुढून धरून, हनुवटी वर करून, सावकाश डोक्यातून काढावा. रोजचा वापर असेल, तर दोन नग ठेवा. न धुतलेल्या गेटरमध्ये घाम, तेल आणि लाळ साचते आणि हनुवटीखाली पुरळ उठते. मग दोष थंडीला दिला जातो. साधा साबण पुरे, कापड मऊ करणारे सुगंधी द्रावण नको, कारण त्याने ओलावा शोषण्याचा गुण कमी होतो.

आता मैत्रिणींचे चिडवणे. एप्रिल-मे महिन्यांत याच नाशिकमध्ये प्रत्येक दुसरी स्कूटरवाली डोळ्यांपुरती फट ठेवून तोंडाला स्टोल गुंडाळते, वर सनकोट आणि कोपरापर्यंत हातमोजे चढवते, आणि तिला कोणी दरोडेखोर म्हणत नाही. उन्हाळ्यातल्या गुंडाळण्याला आपण सरावलो आहोत, हिवाळ्यातल्या नळीला अजून नाही, एवढाच तो प्रकार आहे. या चिडवण्याला उत्तर द्यायची गरजही मला वाटत नाही. दोन हिवाळ्यांत त्यांच्यापैकी निम्म्या जणी तुम्हाला कुठून घेतला म्हणून विचारतील. फक्त कारखान्याच्या फाटकावर, पेट्रोल पंपावर आणि एटीएममध्ये तो खाली ओढून चेहरा उघडा ठेवा. पहाऱ्यावरच्या माणसाला ओळख पटवावी लागते आणि त्याचा तो आग्रह रास्त आहे.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र लपवणे थांबवावे, असे मला मनापासून वाटते आणि त्याचे कारण नैतिक नाही, व्यवहाराचे आहे. लपवल्यामुळे तुम्ही घरापासून कोपऱ्यापर्यंत उघड्या गळ्याने जाता, मग अंधारात गाडी थांबवून हेल्मेट काढता, गेटर चढवता, पुन्हा हेल्मेट घालता आणि या गडबडीत पट्टा नीट लागला की नाही, हे पाहायचे राहून जाते. शिवाय जी बाई पाच वाजता उठून तुमच्यासाठी आले घातलेला चहा ठेवते, तिला तुम्ही कोपऱ्यावर काय करता हे कळत नसेल, असे समजण्यात अर्थ नाही. त्यांच्या वाक्याकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहा. आपण ज्या थंडीत निभावून नेले, त्या कष्टांची कोणी दखल घेतली नाही आणि आता त्याच थंडीसाठी निराळी वस्तू घरात आली, हे बोचणे त्यात असू शकते. तेव्हा शरीराच्या ताकदीवर वाद न घालता त्यांना नेमकी गोष्ट सांगा : “आई, घाटात वारा फार लागतो, मान आखडते, हे घातल्यावर बरं वाटतं.” आणि रामकुंडावरच्या त्या पहाटांविषयी विचारा, कोण कोण असायचे, काकड आरतीला जाऊन मग स्नान की आधी स्नान, हे त्यांना सांगू द्या. वादात हार-जीत ठरवण्यापेक्षा हे सोपे आहे. त्यानंतरही त्या तेच वाक्य म्हणाल्या, तर म्हणू द्यावे आणि गेटर घालून दारातून निघावे.

त्यांना मात्र गेटर घालायला लावू नका. तुम्हाला जी वस्तू मानवली, ती घरातल्या सर्वांना मानवेल, हे तुमच्या पत्रातले दुसरे गृहीतक आहे. सत्तरीत खांदे वर उचलून डोक्यातून घट्ट नळी काढणे-घालणे त्रासाचे असते, अंबाडा विस्कटतो, आणि काही वृद्धांमध्ये गळ्याच्या बाजूच्या धमनीवर घट्ट कापडाचा दाब पडला तर नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. त्यांच्यासाठी जुनी शाल किंवा सैल मफलर आणि कानटोपीच योग्य. गळ्याभोवती दोन बोटे सहज जातील इतकाच कोणताही कपडा घट्ट असावा. वय वाढले की थंडी उशिरा कळते आणि थंडीत रक्तदाब वाढतो, म्हणून त्या पहाटे देवळात जात असतील तर सूर्य वर आल्यावर जाण्याबद्दल बोलणे गेटरपेक्षा जास्त उपयोगाचे ठरेल. हे तुमच्यापेक्षा त्यांच्या मुलाने सांगितले तर अधिक बरे, कारण आईची काळजी ही त्याच्याही वाट्याची आहे.

मुलाला गेटर अवश्य द्या. शाळेत खेळताना, घसरगुंडीवर, सायकलवर मफलरची टोके अडकतात, गेटर अडकत नाही. झोपताना तो काढायचा, हा नियम पक्का असू द्या. ज्या वाचकांच्या घरी तान्ही किंवा दोन-तीन वर्षांची मुले आहेत, त्यांनी मात्र मुलांच्या गळ्यात झोपेत काहीही ठेवू नये. स्कूटरवर मागे बसवताना त्याला हेल्मेटही हवे. 2019च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला ते बंधनकारक आहे.

संक्रांत जवळ आली आहे, म्हणून एक गोष्ट अधिक. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तो नाशिकमध्ये आणि येवल्यात पतंगांच्या दिवसांत छुपेपणाने मिळतोच आणि दुचाकीस्वारांचे गळे चिरल्याच्या बातम्या दर जानेवारीत येतात. गेटर घातला आहे म्हणून मांजाची भीती नाही, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका. वेगात असताना ताणलेला मांजा पातळ कापड सहज कापतो. जाड गेटर, वर कोटाची उभी गळपट्टी आणि बंद काचेचे हेल्मेट यांनी क्षणभराची सवड मिळू शकते, तेवढ्यात ब्रेक लावता आला पाहिजे आणि ते वेग कमी असला तरच जमते. पाळी सुटल्यावर तुम्ही दुपारी परतता, पतंग तेव्हाच सर्वांत जास्त असतात. त्या आठवड्यात मुलाला गाडीवर पुढे उभे करू नका, उड्डाणपुलावरून आणि वस्तीतून जाताना तीसच्या वर जाऊ नका आणि दुपारी थंडी नसली तरी गेटर आणि कोट अंगावरच राहू द्या.